तीस वर्षं, एक खडक आणि सातशे गोगलगायी

स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींनी ‘उत्क्रांतीचा अंदाज बांधता येतो’ हे दाखवून दिल्याची बातमी खरी आहे. तिच्यातून आपण काढत असलेला दिलासा मात्र त्या गोगलगायींनी दिलेला नाही.

‘उत्क्रांती डोळ्यांदेखत घडली’ हा मथळा एव्हाना वाचून झाला असेल. स्वीडनजवळच्या समुद्रातला एक उघडा खडक, त्यावर नेऊन सोडलेल्या सुमारे सातशे गोगलगायी आणि तीस वर्षांनंतर त्यांच्या वंशजांचं पालटलेलं रूप. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात हा निबंध आला आणि त्याचं सार जगभर पसरलं. पसरता पसरता त्याला एक शेपूटही फुटलं. बघा, निसर्ग कसा झटपट जुळवून घेतो! हवामान बदलो, किनारे बदलोत, जीवसृष्टी आपली वाट काढतेच.

मूळ निबंधात हे शेपूट नाही. संशोधकांनी सांगितलेली गोष्ट जवळजवळ उलट्या दिशेने जाते. ती समजून घ्यायची, तर ही गोगलगाय राहते कुठे आणि पिल्लांना जन्म कशी देते इथून सुरुवात करावी लागेल. प्रयोगाची सगळी मेख तिथेच आहे.

शंभराहून अधिक बारशी

तिचं शास्त्रीय नाव लिटोरिना सॅक्सॅटिलिस. लांबी साधारण एक सेंटिमीटर, कुठे थोडी कमी, कुठे थोडी जास्त. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, आर्क्टिकपासून खाली पोर्तुगाल-स्पेनपर्यंत, खडकाळ किनाऱ्यांवर ती मुबलक सापडते. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन मात्र व्हेनिसच्या खाजणातल्या नमुन्यांवरून झालं. १७९२ साली जुझेप्पे ओलिवी या तरुण इटालियन धर्मगुरूने ते केलं. व्हेनिस हे या गोगलगायीच्या मुख्य प्रदेशापासून फार दूर पडलेलं एकटं ठाणं आहे. तसंच आणखी एक ठाणं सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आहे. गळाला लावायचे किडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ज्या ओल्या समुद्रशैवालात गुंडाळून पाठवत, त्या शैवालातून ती तिथे पोचली.

ओलिवीनंतर पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षं शंखांचे अभ्यासक या एकाच प्राण्याचं पुन्हा पुन्हा बारसं करत राहिले. कुणाला जाड शंखाची सापडली, कुणाला पातळ. कुणाला पट्ट्यांची, कुणाला एकरंगी. प्रत्येकाला वाटलं, ही नवी जात. शंभराहून अधिक वेळा असं घडलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डेव्हिड रीड यांनी १९९६ साली लिटोरिना वंशावरचा ग्रंथ लिहिला आणि हा नावांचा पसारा आवरला. जुन्या अभ्यासकांना हसण्याचं कारण नाही. त्यांच्या डोळ्यांना दिसलेले फरक खरेच होते. हे सगळे फरक एका जातीच्या पोटात मावतात, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

तिची राहण्याची जागा म्हणजे भरतीच्या रेषेच्या आसपासचा आणि त्याच्याही वरचा पट्टा. तिथे लाटांचे तुषार पोचतात, पण पाणी टिकत नाही. दुपारी ऊन, रात्री गारठा, पावसात गोडं पाणी आणि उधाण आलं की अंगावर अख्खा समुद्र. पाणी ओसरलं की ती अंग आत ओढून घेते, तोंडावरचं शिंगासारखं झाकण लावते आणि शंखाची कड चिकट स्रावाने खडकाला डकवून ठेवते. पाय आत असूनही ती पडत नाही. ओल परतली की पुन्हा चरायला बाहेर. खडकावरचा शेवाळाचा सूक्ष्म थर हे तिचं अन्न, आणि ते खरवडण्यासाठी जिभेच्या पट्टीवर सात-सात दातांच्या रांगा. पुढच्या रांगा झिजल्या की मागून नव्या सरकत येतात.

खेकड्याचा आकडा, लाटेचा तडाखा

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉर्वेच्या सीमेजवळ, कोस्टर बेटांचा समूह आहे. आपल्याला धक्का बसेल इतकी तिथली भरती-ओहोटी किरकोळ असते, जेमतेम फूटभर. त्यामुळे गोगलगायींच्या राहणीत वर-खालीचा फरक कमी आणि आडोशाचा फरक जास्त. काही ठिकाणी गोटे आणि दगडांचा शांत किनारा आहे, तिथे खेकडे भरपूर. काही ठिकाणी थेट समुद्राच्या तोंडावर उघडे कातळ आहेत. तिथे खेकड्याला पाय रोवता येत नाही, पण लाटेचा मार अखंड.

या दोन जागी एकाच जातीची दोन रूपं आहेत. खेकड्यांच्या शेजारी राहणारी गोगलगाय मोठी, तिचा शंख जाड आणि तोंड अरुंद. आकडा आत शिरायला जागा नको आणि शंख चिरडला जायला नको, असा दुहेरी बंदोबस्त. स्वभावही भित्रा. धक्का लागला की आत शिरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. लाटांतली गोगलगाय याच्या उलट. ती लहान, म्हणजे फटीत मावणारी. तिचा शंख पातळ आणि तोंड रुंद, कारण खडकाला धरून राहायला मोठा पाय हवा. ती धीटही असते. उघड्या कातळावर जी आत शिरून बसेल, तिची पकड सुटेल आणि पुढची लाट तिला घेऊन जाईल.

या दोन वस्त्यांच्या मध्ये अनेकदा मोजक्या मीटरांचंच अंतर असतं. सीमेवर त्यांचा संकर होतो, पिल्लंही निपजतात. तरी दोन्ही रूपं टिकून आहेत. स्पेनच्या गॅलिशिया प्रांतात हाच खेळ आडवा न होता उभा चालतो. तिथे खेकड्यांना तोंड देणाऱ्या किनाऱ्याच्या वरच्या भागात आणि लाटा झेलणाऱ्या खालच्या भागात, शिंपल्यांच्या गर्दीत राहतात. इंग्लंडच्या किनाऱ्यांवरही अशा जोड्या आहेत. त्याच संकटांना तीच उत्तरं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा निघाली आहेत. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना या प्राण्याने वेड लावलं ते यामुळे.

पोटात पिल्लं, म्हणून पाय घरात

एवढ्याशा अंतरात दोन रूपं टिकतात कशी? उत्तर मादीच्या पोटात आहे. समुद्रातल्या बहुतेक गोगलगायी अंडी घालतात आणि पुष्कळ जातींच्या अळ्या पाण्याबरोबर वाहत दूर जातात. ही गोगलगाय तसं करत नाही. तिच्या शरीरातल्या पिशवीत शेकडो पिल्लं वाढतात, एकाच वेळी निरनिराळ्या वयाची. अर्ध्या मिलिमीटरचा शंख पाठीवर घेऊनच ती बाहेर पडतात आणि आईच्याच खडकावर रांगू लागतात. आयुष्यभरात त्यांची धाव काही मीटरांची. त्यामुळे एका खडकावर जे गुण उपयोगी ठरतात, ते त्याच खडकावर साठत जातात.

जानेवारी २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये शॉन स्टान्कोव्स्की, रॉजर बटलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. माझ्या मते तो ऑक्टोबरच्या निबंधापेक्षा कमी गाजला आणि जास्त गाजायला हवा होता. या गोगलगायीच्या अगदी सख्ख्या भावकीतल्या दोन जाती आजही अंडी घालतात. मग पिल्लं देण्याचं वळण आलं कुठून? संशोधकांनी जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा या बदलाशी जोडलेले सुमारे पन्नास भाग जनुकसंचात विखुरलेले आढळले. एका झटक्यात, एका मोठ्या बदलाने हे झालेलं नाही. गेल्या लाखभर वर्षांत थोडं थोडं करत अंडं पोटात राहू लागलं. उत्क्रांतीच्या हिशेबात एक लाख वर्षं म्हणजे परवाची गोष्ट.

प्रजननाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिटोरिनाच्या इतर काही जातींत नर मादीच्या चिकट मागावरून तिला ओळखून पाठलाग करतात. या जातीत नरांना मादीचा माग आणि नराचा माग यांतला फरकच कळत नाही. शेर्स्टिन योहानेसन आणि सहकाऱ्यांनी याचा लावलेला अर्थ असा की, माद्यांनीच आपल्या मागातली खूण लपवली असावी, कारण त्यांना नरांचा ससेमिरा नकोसा झाला आहे. इतकं करूनही एका मादीच्या पोटातल्या पिल्लांना १५ ते २३ बाप असल्याचं २०१०च्या एका अभ्यासात निघालं. खूण लपवली नसती तर आकडा कुठे गेला असता, कोण जाणे.

शेर्स्टिन योहानेसन यांचा खडक

आता मुख्य पात्राकडे वळू. बातम्यांत त्यांचं नाव एखाद्या ओळीत येऊन गेलं, म्हणून इथे जरा जास्त जागा घेतो.

शेर्स्टिन योहानेसन या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या सागरी जीवशास्त्रज्ञ. कोस्टर बेटांसमोर शॅर्नो इथे विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे, तिथे त्या १९८०च्या दशकापासून याच गोगलगायीच्या मागे आहेत. १९८८च्या उन्हाळ्यात स्कागेराक आणि काटेगाटच्या समुद्रात एका विषारी सूक्ष्म शैवालाचा प्रचंड बहर आला. मासे मेले, तळाचे प्राणी मेले, नॉर्वेतल्या मत्स्यपालकांचं नुकसान झालं. कोस्टर भागातल्या छोट्या, लाटांनी न्हाणाऱ्या खडकांवरच्या गोगलगायीही साफ झाल्या.

मासे पोहत परत येतात. ज्यांच्या अळ्या तरंगतात, ते प्राणीही वर्षा-दोन वर्षांत परततात. आयुष्यात काही मीटरच चालणारी आणि पिल्लांनाही घरातच ठेवणारी गोगलगाय समुद्रातल्या खडकावर परत कशी येणार? एखादी वाहत्या शैवालाला चिकटून आली तरच. म्हणून चार वर्षं उलटली तरी असे खडक रिकामेच होते. त्यातला एक योहानेसन यांनी निवडला आणि १९९२ साली त्यावर सुमारे सातशे गोगलगायी आणून सोडल्या. त्या लाटांच्या जागेवरच्या नव्हत्या. जवळच्या शांत किनाऱ्यावरच्या, जाड शंखाच्या, खेकड्यांशी झुंजण्यात मुरलेल्या होत्या. म्हणजे मुद्दाम चुकीच्या.

दर काही वर्षांनी त्या खडकावरून नमुने घेतले गेले. वर्षाला एक-दोन पिढ्या पुढे सरकत होत्या. पहिल्याच दशकात शंखांचा आकार आणि घडण यांत फरक दिसू लागला. शंख लहान झाले, पातळ झाले, तोंडं रुंदावली, रंग आणि नक्षी पालटली. तीस वर्षांनी त्या खडकावरची वस्ती शेजारच्या लाटांच्या खडकांवरच्या गोगलगायींसारखी दिसू लागली होती. सांगितलं नसतं, तर त्यांचे पूर्वज खेकड्यांच्या शेजारचे होते हे ओळखणं अवघड.

यावर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रियातला तेव्हाचा पीएचडीचा विद्यार्थी दिएगो गार्सिया कास्तियो, नॉर्वेतल्या नॉर्ड विद्यापीठातल्या आन्या मारी वेस्ट्राम, गणिती उत्क्रांतीतलं मोठं नाव असलेले निक बार्टन आणि स्वतः योहानेसन यांनी काम केलं. आजूबाजूच्या खडकांवर आज काय आहे ते पाहून त्यांनी या खडकावर काय घडायला हवं याचा अंदाज बांधला, शंखांचाही आणि जनुकांचाही, आणि तो प्रत्यक्षाशी ताडला. बहुतांशी जुळला.

अशा धीराला तोड सापडते ती मोजक्या ठिकाणी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून गॅलापॅगोसमधल्या एका बेटावरच्या फिंच पक्ष्यांचा दशकानुदशकं हिशेब ठेवला. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८मध्येच, म्हणजे स्वीडनच्या त्या बहराच्याच वर्षी, जिवाणूंच्या बारा कुळ्या वाढवायला घेतल्या. पण लेन्स्कींचे जिवाणू प्रयोगशाळेत होते. योहानेसन यांचा प्रयोग उघड्या समुद्रात होता, जिथे एखाद्या वादळाने सगळं धुऊन नेलं असतं तर कुणाकडे दाद मागणार?

कणगीतलं बियाणं

आता त्या शेपटाकडे. इतक्या झपाट्याने बदल झाला तो नवे जनुकीय बदल घडून आले म्हणून नव्हे. लाटांना उपयोगी पडणारे जनुकांचे बहुतेक पर्याय त्या सातशे गोगलगायींत आधीपासूनच होते, थोड्या प्रमाणात, निरुपयोगी म्हणून मागे पडलेले. शेतकरी पाऊस बिनसेल या धास्तीने चार प्रकारचं बियाणं कणगीत राखून ठेवतो, तसा हा साठा. जागा बदलली, तशी निवडही बदलली आणि जे कोपऱ्यात होतं ते पुढे आलं. भरीला शेजारच्या लाटांच्या खडकांवरून अधूनमधून वाहत आलेल्या गोगलगायींनी आपली जनुकं मिसळली.

यात गुणसूत्रांतल्या उलटापालटींचा वाटा मोठा आहे. गुणसूत्राचा एखादा तुकडा कधी काळी सुटून उलटा जोडला जातो. मग त्यातली जनुकं पुढच्या पिढीत सहसा एकत्रच जातात, त्यांची सरमिसळ होत नाही. या गोगलगायीत असे उलटे तुकडे पुष्कळ आहेत. लाटेला साजेसे अनेक गुण एका गाठोड्यात बांधलेले असले, तर निवड त्या गाठोड्याचीच होते. काम लवकर उरकतं ते त्यामुळे.

म्हणजे वेग होता, पण त्याची किंमत कुणीतरी हजारो वर्षं आधी भरून ठेवली होती. त्या जातीचा विस्तार मोठा होता, तिला निरनिराळ्या जागा मिळत होत्या आणि शेजारच्या वस्त्या जिवंत होत्या. यातलं काहीही नसतं तर सातशे गोगलगायी लाटांनी वाहून गेल्या असत्या आणि त्यावर निबंध लिहिला गेला नसता. ‘निसर्ग जुळवून घेतो’ या वाक्यात ही अट गाळली जाते, आणि अट गाळली की ते वाक्य भरावाच्या ठेकेदाराच्या कामाचं होतं.

‘अंदाज’ या शब्दावरही थोडं पाणी शिंपडायला हवं. ज्या संकटाचा अंदाज बांधला, त्याचं उत्तर शेजारच्या खडकावर तयार होतं. समुद्र आजवर कधी नव्हता इतका तापला, तर नक्कल करायला शेजारी कोण? शिवाय ही एका खडकाची गोष्ट. संशोधक स्वतः याबाबत सावध आहेत. सैल सुटले ते आपण, बातम्या लिहिणारे.

वरळी ते मालवण

आपल्या किनाऱ्यावर लिटोरिना सॅक्सॅटिलिस नाही, पण तिची भावकी आहे. कांदळवनात गेलात तर तिवरांच्या खोडांवर आणि पानांवर चढून बसलेल्या लिटोरेरिया दिसतील; भरती चढते तशा वर सरकणाऱ्या. याच कुळातल्या एकायनोलिटोरिना वंशाच्या गोगलगायी उष्ण कटिबंधातल्या तापलेल्या खडकांवर राहतात. त्यांच्यावर ब्रुनेई आणि हाँगकाँगमध्ये फार सुंदर काम झालं आहे. अंगाचं तापमान पन्नास अंशांच्या आसपास गेलं तरी त्या तगून राहतात. शरीराचा कारभार जवळपास बंद करतात, पाय आत घेतात, शंख कडेवर उभा करून तापलेल्या दगडाशी स्पर्श कमीत कमी ठेवतात, कधी एकीवर एक चढून बसतात.

फरक असा की, या भावकीतल्या बहुतेकींची संतती आधी समुद्रात तरंगते आणि मग कुठल्या तरी किनाऱ्याला लागते. त्यामुळे एका खडकाचा गुण त्याच खडकावर साठेल, ही स्वीडनची तऱ्हा इथे तशीच अपेक्षित धरता येत नाही. मुंबईच्या खडकांवर दाटीने बसणारी प्लॅनॅक्सिस सल्कॅटस वेगळ्या घराण्यातली, पण तीही पोटात पिल्लं वाढवते. काही किनाऱ्यांवर ती तरंगत्या अळ्या सोडते, तर इराणच्या आखातात रांगती पिल्लं बाहेर पडल्याची नोंद आहे. एकच जात, दोन रीती. असा प्राणी दारात असताना त्याच्यासाठी परदेशी नियतकालिकाची वाट बघावी लागू नये.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी भराव घातला, तेव्हा हाजी अली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवण्यात आली, कारण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना संरक्षण आहे. त्याच खडकांवरच्या गोगलगायींना ते नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्नच आला नाही. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४मध्ये सुरू झाला. आता काही जण म्हणतील की भरावाच्या दगडांवरही गोगलगायी येऊन बसतील. बसतीलच, काही जाती. पण ओहोटीला पाणी धरून ठेवणारी डबकी, भेगा, सावलीच्या कपारी यांनी नैसर्गिक किनाऱ्यावर जी विविधता पोसली जाते, ती टाकलेल्या दगडांवर सहसा येत नाही. आणि विविधता म्हणजेच कणगी, हे स्वीडनने आत्ताच दाखवलं आहे.

‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने २०१७पासून गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना नेऊन जे दाखवलं आणि नोंदवलं, त्याने या शहराला आपल्या समुद्राची पहिल्यांदा ओळख झाली असं म्हणायला हरकत नाही. पण हौशी लोकांनी आपल्या रविवारांवर किती ओझं उचलायचं? रत्नागिरी, मालवण, अलिबाग, श्रीवर्धन इथल्या महाविद्यालयांनी आपापल्या किनाऱ्यावरचा एकेक खडक ठरवून घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, दर वर्षी त्याच महिन्यात, मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाकावी, गोगलगायी मोजाव्यात, शंखांची मापं घ्यावीत, फोटो काढावेत. याला व्हर्नियर कॅलिपर, वही आणि दुपारची भाकरी एवढंच लागतं. कोळीवाड्यातली कुठलीही मावशी तिथीची पाऊणपट करून पाण्याची वेळ सांगेल.

अडचण साधनांची नाही, मुदतीची आहे. संशोधनाचं अनुदान सहसा तीन वर्षांचं असतं, प्राध्यापकाची बदली आणि विद्यार्थ्याची पदवी त्याहून लवकर येते, आणि नोंदवही निवृत्तीबरोबर घरी जाते. १९९२ साली सोडलेल्या गोगलगायींबद्दलचा निबंध २०२४ साली छापून येतो, तो मधल्या बत्तीस वर्षांत कुणीतरी वही सांभाळली म्हणून. विद्यापीठांनी आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने मिळून अशा दहा खडकांची यादी करावी, प्रत्येक खडक एका संस्थेच्या नावे लावावा आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवाव्यात. त्यातून पहिल्या पाच वर्षांत मथळा मिळणार नाही. पण पुढच्या वेळी एखादा प्रकल्प-अहवाल ‘जीवसृष्टी जुळवून घेईल’ असं लिहून मोकळा होईल, तेव्हा त्याच्यापुढे आकडे टाकता येतील.